रियू सॉन्ग-ही आणि कोरियन सिनेमातल्या भिंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन सिनेमा बघणारे मित्र-मैत्रिणी वाढले, तसे दिग्दर्शकांबद्दलचे प्रश्न कमी झाले आणि "ते घर कुणी बनवलं?" हा प्रश्न वाढला. मला त्याचा फार आनंद आहे. त्यातले बरेचसे प्रश्न फिरून एकाच नावाशी येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप होतं. चित्रपटांच्या कथेतले काही तपशील ओघात आले आहेत. तुम्ही चित्रपट पाहिला नसेल, तर तो प्रश्न सोडून पुढे जा.

रियू सॉन्ग-ही कोण आहेत?

दक्षिण कोरियाच्या प्रॉडक्शन डिझायनर, म्हणजे चित्रपटातल्या जागा आणि त्यांचं रूप ठरवणाऱ्या. 'मेमरीज ऑफ मर्डर', 'ओल्डबॉय', 'अ बिटरस्वीट लाइफ', 'द होस्ट', 'थर्स्ट', 'मदर', 'ओड टू माय फादर', 'असॅसिनेशन', 'द हँडमेडन', 'डिसिजन टू लीव्ह' हे सगळे चित्रपट त्यांचे. पार्क चान-वुक, बाँग जून-हो आणि किम जी-वून या तिन्ही दिग्दर्शकांनी आपापल्या बहराच्या काळात आपल्या चित्रपटाचं जग उभं करायला त्यांच्याच हाती दिलं. कोरियन सिनेमाची गेल्या वीस-पंचवीस वर्षांची जी दृश्यं जगभरच्या लोकांच्या डोक्यात रुतून बसली आहेत, त्यातली कितीतरी त्यांच्या कागदावर आधी उमटली.

नावात गोंधळ होतो. रियू सॉन्ग-वान म्हणजे त्याच का?

नाही. रियू सॉन्ग-वान हे दिग्दर्शक आहेत, मारधाडीच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध. कोरियन नावात आडनाव आधी येतं आणि मोजकीच आडनावं लाखो लोकांची असतात, त्यामुळे असे घोटाळे होतात. यात गंमत अशी की सॉन्ग-ही यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक, २००२चा 'नो ब्लड नो टिअर्स', सॉन्ग-वान यांनीच दिग्दर्शित केला होता. त्यामुळे श्रेयनामावलीत दोन्ही नावं जवळजवळ दिसतात आणि वाचणारा चक्रावतो.

कोरियात या पदाला काय म्हणतात?

'मिसुल गामदोक'. मिसुल म्हणजे कला आणि गामदोक म्हणजे देखरेख करणारा, दिग्दर्शक. आपल्या 'कला दिग्दर्शक' या शब्दाचा हा सख्खा भाऊच. दिग्दर्शकाला तिथे 'योंघ्वा गामदोक', म्हणजे चित्रपटाचा गामदोक म्हणतात. संगीताचा वेगळा गामदोक, छायाचित्रणाचा वेगळा. बेसबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकालासुद्धा गामदोकच म्हणतात.

हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सेटवर 'गामदोक-निम' अशी आदराची हाक ज्यांना मारली जाते त्यात कला दिग्दर्शकही असतात. आपापल्या खात्यात निर्णय त्यांचा. रियू यांच्या कामाकडे मी याच नजरेने बघते. खोलीत पात्र कुठून येईल, कुठे अडखळेल, कशाकडे पाठ करून बसेल, हे खोली बांधणाराच अर्धंअधिक ठरवून टाकतो.

त्या या क्षेत्रात कशा आल्या?

मातीतून, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. सोलच्या होंगिक विद्यापीठात त्या सिरॅमिक्स शिकल्या. होंगिक म्हणजे कोरियात कलाशिक्षणासाठी पहिल्यांदा तोंडात येणारं नाव. तिथून पुढे त्या लॉस एंजेलिसला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रॉडक्शन डिझाइन शिकायला गेल्या आणि मग कोरियात परतल्या.

त्या परतल्या तो काळ फार मोक्याचा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोरियन सिनेमात पैसा आणि तरुण दिग्दर्शक एकदमच आले होते. त्यांच्या डोक्यात चित्रं होती. ती उभी करणारं, प्रशिक्षण घेतलेलं माणूस हवं होतं. तोवर सेट म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल तेवढी भिंत आणि चार वस्तू अशीच समजूत बऱ्याच ठिकाणी होती. चित्रपटाचा सगळा रंग, पोत, काळ एकाच विचारातून ठरवायचा, ही पद्धत रुळवणाऱ्यांत रियू यांचा वाटा मोठा आहे.

मातीकाम केलेल्या माणसाला पृष्ठभाग कळतो, असं मला त्यांचे चित्रपट बघताना सतत जाणवतं. त्यांची भिंत नुसती रंगवलेली नसते. तिच्यावर हात फिरवला तर खरखर लागेल की ओल लागेल, हे पडद्यावर कळतं.

२००३ या वर्षाचा उल्लेख सारखा का होतो?

कारण त्या एकाच वर्षात 'मेमरीज ऑफ मर्डर' आणि 'ओल्डबॉय' दोन्ही आले. या दोन चित्रपटांत एकही खोली एकमेकांसारखी नाही.

'मेमरीज ऑफ मर्डर' हा ग्योंगी प्रांतातल्या ह्वासॉन्ग इथे १९८६ ते १९९१ दरम्यान झालेल्या खुनांवर आधारलेला. खरा गुन्हेगार २०१९मध्ये ओळखला गेला, म्हणजे चित्रपटानंतर तब्बल सोळा वर्षांनी. चित्रपटात लष्करी राजवटीतलं खेडं आहे, पिवळंधमक भातशेत आहे आणि पोलिस चौकीच्या तळघरातली बॉयलरची खोली आहे. संशयितांना तिथेच मारतात आणि मारून झाल्यावर तिथेच बसून त्यांच्याबरोबर जेवतातही. त्या खोलीत पाइप आहेत, काळोख आहे आणि वरून कधीही कुणीतरी उतरेल असा जिना आहे. ती खोली बघितली की त्या काळातलं पोलिस खातं कसं होतं, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक प्रसंग. नागरी संरक्षणाच्या सरावाचा भोंगा वाजतो आणि गावातली दुकानं आपापली शटर खाली ओढतात, दिवे मालवतात. बाहेर अंधारात एक मुलगी मरते आहे. लोखंडी शटर खाली येताना दिसतं तेवढ्याने काळजाचं पाणी होतं.

'ओल्डबॉय'मधल्या कोठडीबद्दल सांगा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

एका माणसाला पंधरा वर्षं एका खोलीत कोंडलेलं असतं. दुसऱ्या कुणी इथे गज लावले असते, ओली फरशी दाखवली असती. इथे मात्र स्वस्त लॉजसारखी खोली आहे. पलंग, टीव्ही, न्हाणीघर आणि चारही बाजूंनी अंगावर येणारा, एकच आकृती पुन्हा पुन्हा काढलेला वॉलपेपर. भिंतीवर बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सॉर यांच्या एका चित्राची प्रत आहे, विव्हळणारा चेहरा. खाली ओळ आहे, हसलास तर जग सोबत हसेल, रडलास तर एकट्यानेच रडशील अशा अर्थाची.

मी हा भाग थांबवून थांबवून पाहिला आहे. त्या वॉलपेपरला सुरुवात आणि शेवट नाही. नजर एका ठिकाणी ठेवली की ती घसरून पुढच्या तशाच आकृतीवर जाते, तिथून पुढच्या. खोलीत दिवस मोजता येत नाहीत, ही गोष्ट त्या भिंतीत आहे. गजाआडच्या माणसाला निदान गजांपलीकडे बघता येतं. त्यापेक्षा ही सजा क्रूर आहे.

पुढे कळतं की हा खासगी तुरुंग इमारतीच्या साडेसातव्या मजल्यावर आहे, सातव्या आणि आठव्याच्या मधे. आणि त्याच तुरुंगाच्या बोळात ती हातोडीची मारामारी होते, एका सलग शॉटमध्ये, जी टिपायला तीन दिवस लागले. ती बघताना कॅमेरा कुठे आहे याकडे लक्ष द्या. तो बोळाच्या आत नाही. भिंत असायला हवी तिथून तो सरकत जातो आहे, म्हणजे बोळाची एक बाजू उघडीच आहे. असा शॉट दिग्दर्शकाला सुचला तरी तो शक्य होतो तो बोळाची लांबी, उंची आणि नसलेली भिंत यांमुळे. चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात २००४मध्ये ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला.

त्यांच्या चित्रपटांत एवढे वॉलपेपर का असतात?

आधी एक साधी गोष्ट. कोरियात घराच्या भिंतींना बहुधा कागदच लावतात. आपल्याकडे दिवाळीआधी किंवा लग्नघर निघालं की डिस्टेंपर काढायचा, तसं तिथे नव्या घरात जाताना नवा कागद लावायचा. या कामाला 'दोबे' म्हणतात आणि ते करणारे वेगळे कारागीर असतात. त्यामुळे वॉलपेपर ही तिथे श्रीमंती हौस नाही, गरिबाच्या खोलीतही तो असतो.

रियू यांनी या रोजच्या वस्तूला बोलतं केलं. 'डिसिजन टू लीव्ह'मध्ये नायिका सो-रे हिच्या घरातला निळा-हिरवा कागद आठवा. डोंगरांच्या रांगा आहेत असं वाटतं, मग दुसऱ्या क्षणी त्या लाटा दिसायला लागतात. चित्रपटाची गोष्ट डोंगरावर सुरू होते आणि समुद्रावर संपते. ही बाई डोंगर आहे की समुद्र, गुन्हेगार आहे की नाही, हे तिचा तपास करणाऱ्या पोलिसाला कळत नाही आणि आपल्यालाही. आपण तिच्या घरात पाऊल ठेवतो तेव्हाच भिंत हे सगळं सांगत असते, पण ते उमगतं दुसऱ्यांदा बघताना.

'थर्स्ट'मध्ये उलटं केलं आहे. आधी हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, शिवणाऱ्यांचं दुकान आणि वर राहायची जागा, सगळी गडद, जुनी, कोंदट. मग नायिका रक्तपिपासू होते आणि सारं घर पांढरंशुभ्र रंगवून टाकते, छतभर ट्यूबलाइट लावते. सूर्य कायमचा गेलेल्या माणसाने घरात केलेला दिवस आहे तो. आणि त्या पांढऱ्यावर रक्त सांडतं.

बाँग जून-हो यांच्या चित्रपटांत मात्र एवढी सजावट दिसत नाही?

दिसत नाही, पण काम तितकंच आहे. उलट मला ते जास्त अवघड वाटतं.

'मदर'मधला जडीबुटीचं दुकान दाखवणारा प्रसंग घ्या. आई अंधाऱ्या दुकानात बसून अडकित्त्यासारख्या मोठ्या पात्याने वाळलेली मुळं कापते आहे. समोर दार उघडं, बाहेर लख्ख ऊन, रस्त्याच्या पलीकडे तिचा मुलगा. ती मुलाकडे बघत बघत कापते आणि पातं बोटाच्या जवळ जवळ येत जातं. दुकान किती खोल, दार किती रुंद, ती बसते तिथून रस्ता किती दिसतो, यावर त्या प्रसंगाचा सगळा जीव आहे. बघणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी गावातलं दुकान सापडलं आणि तिथे चित्रीकरण केलं.

'द होस्ट'मध्ये हान नदीकाठची टपरी आहे. सुके स्क्विड, इन्स्टंट नूडल्स, बिस्किटं, मागे झोपायला जेमतेम जागा. तीन पिढ्या त्यातच. राक्षस मुलीला पळवून नेतो, त्यानंतर भिजलेलं, दमलेलं कुटुंब तिथे परत येतं आणि मुकाट्याने नूडल्स खायला बसतं. खाता खाता ती हरवलेली मुलगी मधेच बसलेली दिसते आणि जो तो तिला घास भरवतो. त्या टपरीत एवढीच जागा आहे की सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. जागा मोठी असती तर हा प्रसंग झालाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

'द हँडमेडन'मधलं घर खरं आहे का?

बाहेरून काही प्रमाणात खरं आहे. जपानच्या मिए प्रांतात कुवाना इथे रोक्काएन नावाची वास्तू आहे. ब्रिटिश वास्तुविशारद जोसाया काँडर यांनी आखलेली, १९१३मध्ये पूर्ण झालेली. पाश्चात्त्य धाटणीचा बंगला आणि त्याला चिकटूनच जपानी घर. बाह्यचित्रण तिथे झालं. आतलं विश्व रियू यांनी रचलं.

चित्रपट १९३०च्या दशकातल्या कोरियातला आहे, म्हणजे जपानच्या ताब्यातल्या. घराचा मालक कोरियन, पण त्याला जपानी व्हायचंय, आणि इंग्लंडचंही त्याला वेड आहे. म्हणून घर अर्धं इंग्रजी, अर्धं जपानी. कोरियन त्यात कुठेच नाही. कोरियन आहेत ते नोकर. आपल्याच भूमीवर आपल्याला जागा नसणं, हे घराच्या नकाशात आहे.

सगळ्यात जीव ओतला आहे तो ग्रंथालयात. पुस्तकांच्या पाश्चात्त्य मांडण्या, खाली तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जपानी चटया, आणि जमिनीच्या पातळीखाली पाणी. दाराशी सापाची मूर्ती, ज्ञानाची सीमारेषा म्हणून. इथे पुरुष बसतात आणि लहानपणापासून कोंडलेल्या एका बाईकडून अश्लील पुस्तकं वाचून घेतात. जागा अतिशय सुंदर आहे, आणि म्हणूनच तिची किळस जास्त येते. पुढे ती बाई आणि तिची मोलकरीण, दोघी मिळून ती पुस्तकं फाडतात, शाई ओततात, पाण्यात बुडवतात, आणि मूर्तीचा चक्काचूर होतो. एवढं देखणं उभारलेलं उद्ध्वस्त होताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं.

'द हँडमेडन'साठी त्यांना कानमध्ये कुठला पुरस्कार मिळाला?

व्हल्कन पुरस्कार, २०१६. स्पर्धेतल्या चित्रपटांमधल्या तंत्रज्ञ-कलाकाराच्या कामासाठी तो दिला जातो. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन.

प्रॉडक्शन डिझायनर सेटवर नक्की काय करतात?

पटकथा वाचून आधी चित्रपटाचा रंग आणि पोत ठरवतात. मग जागा बघायला फिरतात, काय सापडेल आणि काय बांधावं लागेल याची विभागणी करतात. आराखडे, छोट्या प्रतिकृती, मग सुतार, रंगारी, मोल्डिंगवाले. कुठली भिंत काढता येण्यासारखी ठेवायची, हे छायाचित्रकाराबरोबर बसून ठरतं. शेवटी सेट 'जुना' करायचा असतो. स्विचभोवती बोटांचे डाग, चुलीमागे काजळी, दाराच्या खालच्या कडेला ओल. वस्तू जमवणं हे आणखी वेगळं खातं. या सगळ्यावर नजर ठेवायची आणि पैशांतही बसवायचं.

मग त्यांनी दिग्दर्शन का केलं नाही? डिझायनरचे दिग्दर्शक होतात का?

होतात. हिचकॉक यांनी सुरुवातीला मूकपटांत पाट्या रंगवल्या, कला दिग्दर्शन केलं. रिडली स्कॉट बीबीसीत सेट डिझायनर होते. 'प्रॉडक्शन डिझायनर' हे पद ज्यांच्यामुळे रूढ झालं, त्या विल्यम कॅमेरॉन मेन्झिस यांनीही चित्रपट दिग्दर्शित केले. मराठी माणसाला तर हा रस्ता मुळातूनच ओळखीचा आहे. रंगभूमीचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर कोल्हापुरात दिग्दर्शक झाले, आणि आपल्या काळात नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२मध्ये 'अजिंठा' केला.

कोरियात मात्र हा रस्ता कमी वापरातला आहे. तिथे दिग्दर्शक बहुधा सहायक दिग्दर्शनातून येतात किंवा कोरियन अकादमी ऑफ फिल्म आर्ट्ससारख्या संस्थेतून, जसे बाँग जून-हो आले. रियू यांची ओळख मिसुल गामदोक हीच आहे, आणि ती कुठल्याही अर्थाने अर्ध्यावरची पायरी नाही. "पुढे दिग्दर्शक कधी होणार?" या प्रश्नात मला थोडा अन्याय वाटतो. उत्तम तबलजीला आपण "गायला कधी लागणार?" असं विचारत नाही.

सलमान खानच्या 'भारत'शी त्यांचा काय संबंध?

थेट नाही, पण धागा आहे. २०१९चा 'भारत' हा 'ओड टू माय फादर'चा अधिकृत रिमेक, आणि त्या २०१४च्या मूळ चित्रपटाची प्रॉडक्शन डिझाइन रियू यांची. कोरियन युद्धात, डिसेंबर १९५०मध्ये, उत्तरेतल्या हंगनाम बंदरातून युद्धग्रस्तांना जहाजाने हलवलं तिथपासून बुसानच्या गुकजे बाजारातल्या एका दुकानापर्यंत ती कथा येते. 'भारत' पाहिला असेल तर मूळ चित्रपट जरूर बघा. पिढ्या सरतात तसं दुकानाच्या पाटीपासून फळीवरच्या मालापर्यंत सगळं बदलत जातं. चित्रपट गाजल्यावर गुकजे बाजारातलं 'कोत्बुनी' हे दुकान बघायला पर्यटकांची रीघ लागली होती.

कोरियातले इतर डिझायनर कोण?

'पॅरासाइट'चे ली हा-जून. ते श्रीमंत घर कुणा वास्तुविशारदाचं नाही, सेट आहे. ऊन कुठून येईल याचा विचार करून उघड्यावर बांधलेला. आणि तळघरातल्या कुटुंबाची गल्ली पाण्याच्या टाकीत उभारली होती, कारण पुढे ती बुडवायची होती. त्यांना आणि सेट डेकोरेटर चो वॉन-वू यांना ऑस्करचं नामांकन होतं. 'स्क्विड गेम'च्या चे क्योंग-सन यांना २०२२मध्ये एमी मिळाला. त्या गुलाबी-हिरव्या जिन्यांच्या जनक त्या.

अलीकडचं काम?

२०२२मध्ये 'लिटल विमेन' ही मालिका, २०२५मध्ये 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'. ही दुसरी जेजू बेटावरची, पन्नासच्या दशकापासून पुढे सरकणारी. त्याच वर्षी पार्क चान-वुक यांचा 'नो अदर चॉइस', ज्यात कागद कारखान्यातून काढून टाकलेला माणूस आपलं घर हातचं जाऊ नये म्हणून खुनापर्यंत जातो. असं घर डिझाइन करणाऱ्याला किती जबाबदारी आहे बघा. त्या घरावर आपलाही जीव जडला नाही, तर गोष्टच पटणार नाही.

सुरुवात कुठून करू?

घरच्यांबरोबर बघायचं असेल तर 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'. एकट्याने, शांतपणे बघायचं असेल तर 'डिसिजन टू लीव्ह'. 'ओल्डबॉय', 'थर्स्ट' आणि 'द हँडमेडन' फक्त मोठ्यांसाठी, आणि त्यातली हिंसा सगळ्यांना झेपेलच असं नाही.

कुठलाही निवडा, पण एक करा. शक्य असेल तर दुसऱ्यांदा बघताना दहा मिनिटं आवाज बंद ठेवा आणि माणसांच्या मागे बघा. 'डिसिजन टू लीव्ह'मध्ये पोलिसाच्या बुसानच्या घरात एक पडदा आहे. त्यामागच्या भिंतीवर न सुटलेल्या खुनांचे फोटो लावलेले आहेत. तो माणूस रोज रात्री त्यांच्या शेजारी झोपायचा प्रयत्न करतो.